टोक धरा, मिस्त्री

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काय केलं, तर मागच्या पायऱ्यांचं माप घेतलं. तीनच पायऱ्या. माझा गुडघा कामातून गेलाय, तिथं मी दोनदा पडता पडता वाचलो, म्हणून पाइपचा कठडा लावायचा असं तिनं ठरवलं. भाकरी झाल्या, तवा उतरवला, कमरेचा टेप काढला आणि म्हणली, "ओ मिस्त्री, या हिकडं. टोक धरा."

मी टोक धरलं. ती मागं सरकत गेली, वाकली, आकडा वाचला, वहीत लिहिला, लिहिलेला परत टेपवर बघितला आणि मग म्हणली, "सोडा." अशी दोन मापं झाली. तिसरं, वरच्या पायरीपासून खालपर्यंतचं तिरकस माप, राहिलं होतं. तेवढ्यात ऊन अंगावर आलं. "ऱ्हाऊ द्या, ऊन उतरलं की घेऊ," म्हणली. वही आणि टेप फडताळात ठेवला. दुपारी चहा पिऊन आडवी झाली ती उठलीच नाही.

लोक विचारतात, जाताना काही बोलली का. काही नाही. चहात साखर कमी पडली एवढं म्हणली होती.

मी चौथी शिकलेला माणूस, वेल्डिंगवाला. परभणीत माझं दुकान होतं. दारं, खिडक्या, गेट. लिहायची सवय नाही. पण लेक म्हणली, "बाबा, एकटं एकटं बोलायलाव तुमी. त्यापेक्षा लिवून काढा." म्हणून बसलोय.

चाळीस वर्षं माझ्या वाट्याला टेपचं टोक आणि तिच्या वाट्याला आकडा. कायदा एकच होता, ती 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. एकदा वालूरला एका घराच्या कामावर मी शिडीवर उभा, टोक तुळईला लावलेलं, आणि खाली हिला कुणी ओळखीची बाई भेटली. दोघींच्या गप्पा चालू. माझा हात भरून आला. म्हणलं, "सोडू का?" तर वर न बघता म्हणली, "सोडा म्हणले का मी?"

ती बुटकी होती. मी चारचौघांत पावणेपाच फूट म्हणायचो, ती लगेच दुरुस्त करायची, "चौदाशे त्रेचाळीस." म्हणजे मिलिमीटर. तिचं म्हणणं असं, की जगातलं सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी मापानं केलेलं आहे. कडी उंच, बसची पायरी उंच, ओटा उंच. "भाकरी बाईनं करायची आन् ओट्याचं माप गवंड्याच्या कमरेचं." कुणाच्या घरी गेली की पाणी घ्यायच्या आधी ओटा मापायची. घरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. माझ्या चुलतभावाच्या लग्नात, नवरदेवाचा घोडा कमानीतून जाणार नाही असं तिनं आदल्या दिवशीच सांगितलं. कुणी ऐकलं नाही. नवरदेव फेट्यासकट घोड्याच्या मानेवर आडवा होऊन आत गेला. वाजंत्री थांबली, सगळे बोंबलायले, आणि ही बाजूला उभी राहून वहीत लिहायली.

मी तिला बघायला ताडकळसला गेलो होतो. पोहे झाले. तिचे मामा म्हणले, "इचारा काय इचारायचं ते." मी लाजून बशीकडं बघत बसलो. तर तिनंच विचारलं, "तुमच्या घराचं दार आत उघडतंय का भाईर?"

"भाईर."

"मग पावसाळ्यात चपला कुठं ठिवता?"

घरी येऊन आईला म्हणलं, हीच पोरगी करायची. आई म्हणली, "येडी हाय का रं ती?" म्हणलं, "आसंल. पण दाराचं खरं हाय."

ती आयटीआय झालेली होती, नकाशा काढायच्या कोर्सला. वर्गात एकटी पोरगी. लग्नानंतर एका इंजिनिअरच्या हापिसात ट्रेसिंग करायची. म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि शाईनं तोच उतरवायचा. साहेबाच्या नकाशात एकदा जिन्यावरची तुळई इतकी खाली आलेली, की चढणाऱ्याचं कपाळ फुटावं. हिनं शाईनं उतरवताना ती गुपचूप वर सरकवली. साहेबाला कळलं नाही. त्या घरातल्या माणसांना तर आजबी माहीत नाही, की आपली कपाळं कुणी वाचवली.

आमच्या घरात दोन मापं नांदायची. मी सुतात बोलायचो. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, लोखंडाच्या धंद्यात सगळे तसंच बोलतात. ती मिलिमीटरात. माझ्या डोक्यात सोपा हिशेब होता, तीन मिलिमीटर म्हणजे एक सूत. ती म्हणायची, "तीन न्हाई. तीन आन् वर थोडं." मी म्हणायचो, "वरलं थोडं पत्रा खातो." त्यावर तिचं ठरलेलं, "मिस्त्री, अंदाज हा आळशाचा भाऊ आसतो."

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आधीच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. ताडकळसला समाजानं जुनी पत्र्याची खोली पाडून विहार बांधायचं ठरवलं. मामा त्यात पुढं होते. बांधकामाच्या एका गुत्तेदारानं नकाशा दिला होता, चौकोनी खोली आणि मधोमध खांब. हिला कुणी विचारलं नव्हतं. हिनं आपणहून दुसरा काढला. गोल सभागृह, वर घुमट, मधे खांब नाही.

मी म्हणलं, "खांबानं तुझं काय घोडं मारलं?"

"खांब आसला की त्याच्या मागं कुणीतरी बसतंय. कोण बसतंय ते म्हाईत हाय मला. पुढं बाप्ये, खांबामागं बाया. आन् त्यात माझ्यावानी बुटकी आसली तर तिला नुसता खांबच दिसतोय."

मामांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "खांब न्हाई तर छत कशावर उभं ऱ्हाणार?"

"कडंच्या भिंतीवर."

"कागदावर सगळंच उभं ऱ्हातंय, बाई."

मग तिनं कडब्याच्या धाटांचं विहार केलं. लहानपणी पोरं ज्वारीची धाटं सोलून, बाभळीच्या काट्यांनी जोडून गाडी-बैल करतात ना, तसंच. चार दिवस बसली. धाटांची टोकं धरायला मी. घुमट असा झाला, की बघत राहावं. सांभाळत एसटीनं ताडकळसला नेलं, मामांच्या अंगणात ठेवलं. मंडळी जमायची होती म्हणून चहाला आत गेलो, तेवढ्यात मामांच्या शेळीनं घुमट खाल्ला. मंडळी आली तर भिंती उभ्या आणि वर काही नाही. एक म्हातारा म्हणला, "छत शेळीच्या पोटावर उभं हाय की!" अख्खं अंगण हसलं. मीबी हसलो, खोटं कशाला सांगू. ती हसली नाही. परतीच्या बसमध्ये त्या रिकाम्या भिंती तिनं मांडीवर धरल्या होत्या. मग म्हणली, "शेळी खाणार न्हाई आसं कायतरी पायजे."

तिच्या हापिसात कुणीतरी बोललं होतं, की हैदराबादेत नकाशे आता कॉम्प्युटरवर काढतात आणि काढलेलं घर पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून बघता येतं. तिच्या डोक्यात तेच बसलं. मामांना निरोप धाडला, "सुगी होईस्तोवर थांबा. परभणीला या, फिरवून दावते." मामांचा उलटा निरोप आला, "सुगीपर्यंत थांबतो. मग पाया खांदायचा."

तयार मशीन तिला नको होतं. "जे आपुन जोडलं न्हाई, ते बिघडलं की आपल्याला जुमानत न्हाई." सुटे भाग आणायला आम्ही हैदराबादला गेलो. तेव्हा रेल्वेची लहान लाईन होती. कोठीच्या बाजारात एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान. हिनं त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत इतकं विचारलं, की ते म्हणले, "बहन, खरीदना है या हमारा इम्तिहान लेना है?" बोर्ड, पडदा, अक्षरांची पाटी, पडद्याचं कार्ड, काय काय घेतलं. नकाशाच्या कामाला हिशेब करणारी एक वेगळी चिप लागायची, लहान बिस्किटाएवढी. ती तिनं चांदीच्या कागदात गुंडाळून घरी सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेवली. "ही सगळ्यात शेवटी. आधी बाकीचं नीट चालू दे."

पेटी मात्र घेतली नाही. चाचांना म्हणली, "पेटी हमारे मिस्त्री करेंगे." माझी छाती फुगली.

तिनं पेटीचा नकाशा काढून दिला. मी वीस गेजच्या पत्र्याची पेटी केली. कोपरे असे मारले, की पाणी गळणार नाही. मागच्या बाजूला एक वाकवलेली पट्टी, तिच्यावर कार्डाचा कान स्क्रूनं बसणार. पट्टी तळापासून एकशे आठ मिलिमीटर वर. माझ्या फुटपट्टीवर फक्त इंच आणि सूत. एकशे आठला तीननं भागलं, छत्तीस सूत. केलं. खरे निघतात चौतीस.

एका संध्याकाळी तिनं बोर्ड पेटीत बसवला, पितळी स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. सकाळी हापिसात जाताना म्हणली, "कार्ड मी आल्यावर लावते. तवर हात लावू नका."

मी हात लावला. नुसतं कार्ड घालून बघावं म्हणलं. तर कार्डाचा कान पट्टीच्या दोन सूत खाली. माझ्या डोळ्यासमोर तिचं तोंड आलं. 'तीन आन् वर थोडं.' संध्याकाळी हे ऐकायचं नव्हतं मला. कार्ड काढून ठेवलं. बोर्ड उकलायचा तर सगळ्या वायरी सुटणार, त्या परत मला जोडता येणार नाहीत. म्हणलं, दुसरी पट्टी दोन सूत खाली टाकू. दोनच टाके. टाका म्हणजे किती वेळ, पापणी लवायच्या आत. अर्थिंगचा चिमटा पेटीला लावला, आणि बोर्ड आत असताना वेल्डिंग मारलं.

टाके सुरेख आले. घासले, वर रंग मारला.

संध्याकाळी तिनं कार्ड लावलं. बरोबर बसलं. माझ्याकडं बघून हसली, "जमलं की मिस्त्री." बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. तिनं एकेक वायर काढून परत लावली. परत बटण. परत काळा. असं किती वेळा केलं असेल. मी दारात उभा. शेवटी मी म्हणलं, "त्या हैदराबादवाल्यानं खराब माल दिला." हे मीच म्हणलं. माझ्याच तोंडानं.

चाचांकडं परत गेलो. दुकानात पाय ठेवताच ती त्यांना वाट्टेल ते बोलली. म्हाताऱ्या माणसाला चोर म्हणली. ती कुणाला असं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि बोलत होती माझ्या शब्दावर. चाचांनी ऐकून घेतलं. बोर्ड उजेडात धरला, भिंग लावून बघितला. म्हणले, "बहन, माल अच्छाच गया था. इसको बाहर का करंट लगा. घर में कोई वेल्डिंग मारते क्या?"

मी रस्त्याकडं बघायला लागलो. ती माझ्या हाताकडं बघत होती, हे मला न बघता कळलं. मग तिचा आवाज आला, "हमारेच हाथ से हुआ, चाचा. मैं नाहक बोली." आणि तिनं त्यांना हात जोडले.

येताना रात्रीची गाडी धरली. नांदेड गेलं. पूर्णेला गाडी थांबली, उजाडलं होतं, चहावाला खिडकीशी आला. तिनं दोन चहा घेतले, एक माझ्याकडं दिला.

"टोक धरा म्हणलं की धरायचं. मी सोडा म्हणायच्या आधी सोडलं तुमी."

म्हणलं, "चूक झाली."

"चूक दोन सुताची होती. ती मी संध्याकाळी आल्यावर सरळ करून दिली आसती. पुढं जे केलं ते कुठल्या मापात बसत न्हाई."

परभणी येईपर्यंत तो चहा माझ्या हातातच होता.

सुगी झाली. मामा थांबले नाहीत, त्यांनी का थांबावं? पाया खांदला, गुत्तेदाराच्या नकाशाप्रमाणं खोली उभी राहिली. मधोमध खांब. खिडक्यांच्या जाळ्या मीच केल्या. मापं घ्यायला ती आली होती. टोक धरा, सोडा, एवढंच बोलली.

नामांतर झालं त्या वर्षी विहार उघडला. माणसं मावत नव्हती. पुढं बाप्ये बसले आणि ती म्हणली होती तसंच, बाया सरकत सरकत खांबाच्या मागं गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ही खांबाला पाठ लावून बसली, तोंड बायांकडं करून. कार्यक्रमभर तशीच. बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "कसं काय वाटलं?"

"पाठ दुखायली होती. टेकायला बरं झालं." आणि हसली. मला हसता आलं नाही. आजबी येत नाही.

त्या अवधीत तिनं ट्रेसिंग सोडलं नव्हतं. वर्षभरानं दुसरा बोर्ड आला. मला वाटलं, या वेळी पेटीबी विकत आणेल. तर माझ्यासमोर नकाशा ठेवला. "पेटी तुमीच करायची." आणि नकाशावर एक स्टीलची पट्टी ठेवली, नवीकोरी, एका बाजूनं मिलिमीटरची. त्या दिवशी दुकानाच्या मागं जाऊन मी तोंड धुतलं. धूळ गेली होती डोळ्यात, असं तिला सांगितलं. तिनं मान डोलावली.

पेटी बरोबर आली. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळायला लागले. तिनं सुई-दोऱ्याचा डबा उघडला, चांदीच्या कागदातली चिप काढली, बंद करून ती बसवली, परत चालू केलं. मला जेवायचं विचारायचं विसरली. ते तिच्या आयुष्यातलं एकदाच.

जाड इंग्रजी पुस्तक, बाजूला डिक्शनरी, असं महिनोन् महिने चाललं. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक पंखा कॉम्प्युटरच्या तोंडावर. पाहुणे घामाघूम. कुणी म्हणलं, "अवो बाई, आमच्यावर बी फिरवा," तर म्हणायची, "तुमाला घाम येतोय, तुमाला काय होत न्हाई. त्याला घाम येत न्हाई, ते मरतंय."

तिनं पहिलं काय काढलं असेल, तर तेच गोल सभागृह. नुसत्या पांढऱ्या रेघांचं. एकदा फिरवलं, की नवं चित्र उमटायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. मामांना मुद्दाम बोलावलं. ते खुर्चीवर हात गुडघ्यावर ठेवून बसले. सभागृह थोडं थोडं फिरलं. बाहेरून दिसलं, वरून दिसलं, मग आतून.

मामा म्हणले, "ह्यात बायांची जागा कुठली गं?"

"कुठलीबी."

मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "लय चांगलं हाय. आदी दावलं आसतंस तर..."

मी दारात होतो. तिनं माझ्याकडं बघितलंबी नाही. म्हणली, "तवा मिशीन तयार नव्हतं, मामा."

दुसऱ्यांदा झाकलं मला. मी पुढं होऊन मामांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. नंतर मामा वारले. ते खांबाला हात लावून बसायचे म्हातारपणी.

पुढं तिच्याकडं लोक घराचे नकाशे काढून घ्यायला येऊ लागले. ती घरधन्याशी नंतर बोलायची. आधी बाईला भिंतीला उभी करायची, हातात पोळपाट द्यायची आणि कोपराची उंची मापायची. सोनपेठपर्यंत किती घरांत तिच्या मापाचे ओटे आहेत. गवंडी कुरकुर करायचे, "बाई, लोक हसतील." "हसू द्या. भाकऱ्या त्या लोकांनी थापायच्या न्हाईत."

आमच्या घरचा ओटा चौदाशे त्रेचाळीस मिलिमीटरच्या बाईसाठी केलेला आहे. आता त्याच्यासमोर मी उभा राहतो. चहा करायला वाकावं लागतं, कंबर धरते. लेक म्हणते, उंच करून घेऊ. मी नाही म्हणलं. एवढी मोठी झाली पण तिला अजून कळत नाही, की काही ओटे वाकण्यासाठी ठेवायचे असतात.

ती गेली त्या दिवशी रात्री उशिरा सगळं उरकलं. लेक पुण्याहून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या अंगणात माणसं बसलेली. जो तो येऊन जय भीम घालायचा आणि खाली बघायचा. मी उठलो, आत गेलो, फडताळातून टेप घेतला आणि मागच्या दारी आलो. लेक मागोमाग आली.

"बाबा, आज कशाला?"

"तिसरं माप ऱ्हायलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणली, "द्या. मी टोक धरते, तुमी वाचा."

"न्हाई. टोक मी धरणार. तू वाच."

मी वरच्या पायरीवर बसलो, टोक अंगठ्यानं दाबून धरलं. ती टेप घेऊन खाली गेली, वाकली. तिच्या आईसारखीच वाकते. आकडा वाचला, मिलिमीटरात.

म्हणलं, "वहीत लिव. फडताळात हाय."

तिनं टेप खालच्या पायरीवर ठेवला आणि आत गेली. आत कुणीतरी तिला गळ्याशी घेतलं असावं, रडण्याचा आवाज आला. ऊन पायऱ्यांवर आलं, मग अंगावर आलं. पुढच्या दारातून कुणीतरी मला हाका मारत होतं. मी हललो नाही. लिहून झाल्यावर 'सोडा' म्हणायचं असतं, हे पोरीला कुणी सांगितलेलंच नव्हतं.